पोफळीच्या सावलीत कोको: लहान बागायतदाराच्या घराला पेलेल असा

माझं माहेर राजापूरकडचं आणि सासर बेळतंगडी तालुक्यातलं, म्हणजे कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातलं. आमच्या पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या बागेत कोको सासऱ्यांच्या काळापासून आहे. 2024 च्या उन्हाळ्यात सुक्या कोकोच्या बियांना किलोमागे हजार रुपयांच्या आसपास भाव गेला आणि माहेरकडून विचारणा सुरू झाली. चुलतभाऊ, मामेभाऊ, भावाच्या ओळखीचे दोडामार्गचे कोणी, फोंड्याचे कोणी, सगळ्यांचा प्रश्न एकच: आम्हीही लावू का? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

लावा. पण कोकोवर घर चालवायचं आहे असं मनात धरून लावू नका. हे पीक लहान कुटुंबाकडे टिकतं ते दुसऱ्या नंबरचं पीक म्हणून. पोफळ, माड, मिरी, जायफळ यांच्या जोडीला कोको असला की भाव पडला तरी चूल पेटती राहते आणि भाव चढला की वरकड पैसा हाती येतो. पश्चिम आफ्रिकेत काय झालं ते पाहा. घाना आणि आयव्हरी कोस्ट हे दोनच देश मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात, आणि तो पिकवणारी बहुतेक कुटुंबं आपल्यासारखीच लहान, दोन-चार हेक्टरवाली आहेत. त्यांतल्या असंख्य घरांचं रोख उत्पन्न जवळजवळ सगळं कोकोचंच. पाऊस फिरला, जुन्या झाडांवर फांद्या सुजवणारा विषाणू आला, पीक घटलं आणि त्यामुळेच जगात भाव भडकला. पण तिथे शेतकऱ्याला मिळणारा दर सरकार हंगामाच्या सुरुवातीला ठरवून देतं. त्यामुळे भाव आकाशाला भिडला तेव्हा त्यांच्याकडे विकायला माल कमी होता आणि चढा दरही त्यांच्यापर्यंत उशिरा, तोही अर्धाच पोचला. एकाच पिकावर उभं राहिलेलं घर असं दोन्हीकडून सापडतं.

आपल्याकडचा हिशेब आधी कागदावर मांडा. पोफळीचं अंतर साधारण 2.7 मीटर असतं. त्यात एक ओळ सोडून एक, म्हणजे 2.7 बाय 5.4 मीटरवर कोको बसवतात. अर्ध्या एकरात कडेची जागा सोडून 120 झाडं धरा. नीट सांभाळलेलं झाड वर्षाला दीड-दोन किलो सुकं बी देऊ शकतं, पण हिशेबात एकच किलो लिहा. एक किलो सुक्याला तीन किलो ओलं बी लागतं, म्हणजे 360 किलो ओलं बी झालं. आता भाव लिहिताना 2024 चा लिहू नका. त्याआधीची कित्येक वर्षं ओल्या बियांचा दर किलोला 50-60 रुपयांच्या घरात होता. 60 धरले तर वर्षाला 21,600 रुपये. त्यातून खत, फवारणी आणि मजुरी वजा करा. एवढ्या पैशातही तुम्हाला हे काम परवडत असेल तरच खड्डे खणा. परवडत नसेल तर घरापुरती दहा झाडं लावा आणि थांबा. भाव हजारावर गेला म्हणून हिशेब जुळवणाऱ्यांचं 2025 मध्ये काय झालं ते आंध्रात दिसलं. भाव कोसळल्यावर एलुरूकडचे कोको शेतकरी रस्त्यावर उतरले होते.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक कोण ते आधी शोधा, रोपं नंतर आणा. आमच्याकडे मंगळुरूची कॅम्पको ही सहकारी संस्था आहे. 1973 साली ती सुपारीसाठी निघाली, पुढे कोको घेऊ लागली आणि 1986 मध्ये पुत्तूरला तिचा चॉकलेटचा कारखानाही उभा राहिला. त्यामुळे सकाळी फोडलेलं ओलं बी आम्ही केंद्रावर नेऊन घालू शकतो. कोकणात आणि गोव्यात असं केंद्र हाकेच्या अंतरावर नाही. ओलं बी एका दिवसाच्या वर तसंच ठेवता येत नाही, त्यामुळे तुम्हाला बहुतेक वेळा आंबवून, सुकवूनच विकावं लागेल. त्यासाठी एका वेळी निदान 50 किलो ओलं बी जमायला हवं. कमी ढिगाला आतून ऊब धरत नाही. म्हणून वाडीतली सहा-आठ घरं एकत्र येऊन एक आंबवण्याची जागा करत असतील तर कोकणात कोको लावण्यात अर्थ आहे. एकट्याने उडी मारू नका हे मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगितलं आहे. बीन-टू-बार, म्हणजे बियांपासून वडीपर्यंत सगळं स्वतःच करणारे चॉकलेटचे लहान उद्योग चांगल्या आंबवलेल्या बियांना जास्त दर देतात. त्यांना नमुना पाठवून, दर आणि प्रत कागदावर ठरवून घ्या.

पाणी मे अखेरपर्यंत पुरत असेल तरच पुढे जा. कोकोची अन्न घेणारी मुळं वरच्या फूटभर मातीत असतात, त्यामुळे उन्हाळ्यात ओल तुटली की झाड लगेच पान टाकतं. ठिबक असेल तर झाडाला दिवसाला 20 लिटर धरा. पाटाच्या पाण्यावर शिपणारे असाल आणि पाट एप्रिलमध्येच आटत असेल, तर असलेली पोफळ जगवा, तेवढं पुरे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात कोको टिकत नाही, म्हणून किनाऱ्यालगतच्या माडाच्या बागेपेक्षा आतल्या, दोन डोंगरांच्या कुशीतल्या कुळागरात (पोफळ-माडाच्या मिश्र बागेत) तो खुलतो. सावली लहानपणी निम्मी लागते. पोफळी उंच गेलेली बाग त्याला बरोबर जमते. माडाच्या बागेत 7.5 मीटर अंतर असेल तर दोन ओळींच्या मधोमध कोकोची एक ओळ घ्या, दोन झाडांत तीनेक मीटर ठेवा. आणि कोकोसाठी रान तोडू नका, डोंगराचं एक झुडूपही नको. उभ्या बागेत, आहे त्या पाण्यावर आणि आहे त्या सावलीत बसतो म्हणून तर तो आपल्यासारख्यांना परवडतो.

रोपं एकाच झाडाची किंवा एकाच जातीची घेऊ नका. बहुतेक कोकोच्या झाडांना स्वतःचा पराग चालत नाही, शेजारी वेगळ्या जातीचं झाड असावं लागतं. केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेच्या विट्टल केंद्राने काढलेले क्लोन आणि संकर आहेत, त्रिशूरजवळ वेल्लानिक्कराला केरळ कृषी विद्यापीठाच्या कोको संशोधन केंद्राच्या सीसीआरपी मालिकेतल्या जाती आहेत. चार-पाच प्रकार मिसळून ओळीत लावा. कलमं तिसऱ्या वर्षाच्या आसपास धरतात. शेजाऱ्याच्या बागेतलं फळ फोडून बी पेरणार असाल तर ते आठवड्याच्या आत पेरा, नाहीतर उगवत नाही. शिवाय त्यातून काय निघेल त्याचा भरवसा नसतो. लावणीला पहिल्या पावसाचा मुहूर्त चांगला. जिथे खड्ड्यात पाणी साचतं तिथे मात्र पाऊस ओसरेपर्यंत थांबा.

छाटणी, जिच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे

कोको मोकाट सोडला तर वाढतच जातो. बियांपासून झालेलं झाड सरळ वर जातं, दीड मीटरच्या आसपास थांबतं आणि तिथून चार-पाच फांद्या छत्रीच्या काड्यांसारख्या आडव्या फुटतात. तो पहिला मजला. त्याच्या खालून सरळ उभा फुटवा निघतो, तो वर जाऊन दुसरा मजला करतो, मग तिसरा. जुन्या, दुर्लक्षित बागांत तीन मजल्यांची झाडं दिसतात. फळं वरती, माणूस खाली, आणि मध्ये खारी. असं झाड घरच्या माणसांच्या हाती राहत नाही, काढणीला मजूर लागतो आणि मजुरीतच पैसा संपतो.

म्हणून एकच मजला ठेवा. खोडावरचे उभे फुटवे दर महिन्याला हातानेच मोडा. कोवळे असताना अंगठ्याने निघतात, नंतर कोयता लागतो. आडव्या फांद्या तीन ते पाच ठेवा, त्यांच्या खोडाजवळच्या हातभर भागातले बारीक फुटवे काढून टाका म्हणजे मध्ये हवा खेळते. मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, आणि मे महिन्यात एक हलकी. दुपारच्या वेळी झाडाखाली उभं राहून जमिनीकडे बघा. उन्हाचे कवडसे पडलेले दिसले तर छाटणी बरोबर झाली. जमीन नुसतीच काळोखी असेल तर अजून काढा, आणि माती उन्हात पांढरी पडली असेल तर हात आवरा. झाड कायम एवढंच ठेवा की घरातल्या बाईला शिडीशिवाय शेवटचं फळ काढता यावं. माझ्या मते कोको कुटुंबाला पेलतो की नाही हे या उंचीवरच ठरतं.

एक सावधगिरी. फूल आणि फळ खोडावर, जाड फांद्यांवर येतं आणि पुन्हा पुन्हा त्याच गाठीवर येतं. ती गाठ खरवडली किंवा फळ ओढून काढताना सोलली तर तिथलं पुढच्या वर्षीचं पीक गेलं. खोडावर चढणं तर बंदच.

बागेतला पाचोळा झाडू नका

नव्याने लावणाऱ्याला हे पटायला वेळ लागतो, कारण आपल्याला आगर झाडून लख्ख ठेवायची सवय असते. कोकोच्या फुलाला मधमाशी सहसा उपयोगी पडत नाही. टाचणीच्या डोक्याएवढी एक माशी त्याचं परागीभवन करते आणि ती वाढते कुजत्या पाचोळ्यात, केळीच्या सडक्या खांबात, कोकोच्या फुटक्या टरफलांत. पाचोळा जाळला की माशी नाही, माशी नाही तर झाड फुलांनी भरलेलं असूनही फळ नाही. हजारो फुलांतून शंभरात दोन-चारच धरतात, त्यामुळे हा फरक लगेच जाणवतो. फोडलेली टरफलं ओळीत मध्येच पसरून ठेवा, वर चुडतं टाका. पण काळी पडलेली, रोगट फळं त्यात मिसळू नका. ती बाहेर नेऊन पुरा.

खताचं मोठ्या झाडाला वर्षाला 100 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद, 140 ग्रॅम पालाश असं प्रमाण आहे. पहिल्या वर्षी त्याच्या एक तृतीयांश, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश. पावसाआधी आणि पावसानंतर असं दोनदा द्या. शेणखत वेगळं. आळं खोल खणू नका, मुळं वरच असतात.

पावसात फळ काळं पडतं तो बुरशीचा रोग. पोफळीच्या कोळेरोगाचीच भावकी. पोफळीला बोर्डो मारता त्याच दिवशी एक टक्क्याचं मिश्रण कोकोच्या फळांवरही मारा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. लोखंडी कोयत्याचं पातं बुडवून लाल चढतंय का ते बघायची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. पण नुसत्या फवारणीवर विसंबू नका. पावसाळ्यात आठवड्यातून एक फेरी मारून काळं फळ दिसलं की तोडून बाहेर नेलं तर निम्मं काम होतं. काजूवरचा ढेकण्या हा किडा कोकोवरही येतो, त्यामुळे काजूची झाडं लगत असतील तर फळांवर काळे ठिपके येतात का ते पाहत राहा. उंदीर आणि खार यांना पिकलेलं फळ आधी कळतं. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे वेळेवर काढणी.

काढणी आणि आंबवणं

फुलापासून फळ तयार व्हायला पाच-साडेपाच महिने लागतात. हिरवं फळ पिवळं होतं, लालसर असेल ते नारिंगी. दर दहा-पंधरा दिवसांनी फेरी ठेवा. आमच्याकडे मोठा बहर एप्रिल ते जूनमध्ये येतो, म्हणजे नेमका सुपारीची गडबड संपून पावसाच्या तोंडावर. काढलेली फळं दोन-तीन दिवस सावलीत ठेवून मग फोडली तरी चालतं, त्यामुळे वाडीतल्या सगळ्यांनी एकच फोडणीचा दिवस ठरवता येतो. फोडताना कोयता वापरू नका, बी कापलं जातं आणि कापलेल्या बीत बुरशी शिरते. दगडावर किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर आपटा. बिया ज्याला चिकटलेल्या असतात तो मधला दोर काढून टाका, फक्त गराने माखलेलं बी घ्या. दहा-बारा फळांत एक किलो ओलं बी निघतं. पोरं गर चोखून खातात, खाऊ द्या, गोड असतो. पण बी कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, त्याला ते विषारी आहे.

आंबवायला लाकडी पेटी चांगली, तळाला भोकं असलेली, म्हणजे रस निथळतो. आत केळीची पानं अंथरा, बी भरा, वर पुन्हा पानं आणि गोणपाट. खिळे आतल्या बाजूला येऊ देऊ नका. दोन दिवस हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी सगळं खालवर करायचं, पाचव्या दिवशी पुन्हा. पहिल्यांदा ताडीसारखा वास येतो, मग व्हिनेगरचा, आणि ढिगात हात घातला तर चटका बसावा इतकी ऊब असते, 47-50 अंशांपर्यंत जाते. ही ऊब आली नाही तर बी कमी होतं किंवा वाऱ्यावर उघडं पडलं असं समजा. सहाव्या-सातव्या दिवशी बाहेर काढा. कुजकट वास यायला लागेपर्यंत ठेवलंत तर वर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

मग खळ्यावर चटईवर पातळ थर द्या आणि दिवसातून चार-पाच वेळा हलवा. मूठभर बी दाबल्यावर कुरकुर वाजलं की सुकलं. ओल 7 टक्क्यांपर्यंत उतरायला हवी, 8 च्या वर बुरशी धरते. कोकणात पावसाच्या दिवसांत ऊन मिळत नाही, म्हणून काही जण चुलीवरच्या माळ्यावर सुकवतात. त्याला धुराचा वास लागतो आणि चांगलं गिऱ्हाईक तो माल परत करतं. वाडीने मिळून प्लास्टिकच्या छताचा एक साधा सौर वाळवणीचा मांडव केला तर सुपारी, मिरी, कोकम सगळ्यालाच उपयोगी पडेल. सुकलेलं पोतं जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, आणि सुकी मासळी, रॉकेल, फवारणीची औषधं यांच्यापासून लांब. कोकोचं बी शेजारचा वास धरतं.

प्रत आपली आपण तपासा. शंभर बिया उभ्या कापून पाहा. आत तपकिरी आणि भेगाळलेली म्हणजे नीट आंबलेली, जांभळी म्हणजे अर्धवट, पाटीच्या दगडासारखी करडी म्हणजे आंबलीच नाही. आकडा वहीत लिहून ठेवलात की भाव ठरवताना समोरचा उगाच टक्के कापू शकत नाही. एका व्यापाऱ्याने आमच्याच गावात एका घराचा माल 'कच्चा आहे' म्हणून निम्म्या दराने नेला होता. त्या घरात कापून बघणारं कोणी नव्हतं.

पैसा कोणाच्या हातात

हे शेतीच्या लेखांत कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. कोकोचं बहुतेक काम घरातल्या बायका करतात: फुटवे मोडणं, फळं गोळा करणं, फोडणं, दोर काढणं, वाळवण हलवणं. सुपारीचा पैसा मोठा, तो घरातल्या कर्त्याच्या खात्यात जातो आणि कर्जाच्या हप्त्यात संपतो. आमच्या घरी सासूबाईंनी पूर्वीच ठरवलं की कोकोचा पैसा सुनेच्या नावावर. संस्थेची पावती माझ्या नावाची, रक्कम माझ्या खात्यात. त्या पैशातून मुलांच्या फिया गेल्या, आणि त्यामुळेच काळं फळ तोडायला भर पावसात जायचा कंटाळा मला कधी आला नाही. तुमच्याकडे लावणार असाल तर रोपं आणायच्या आधी हे घरात बोलून घ्या. पोरांना शाळा बुडवून फोडणीला बसवायचं नाही हेही त्याच वेळी ठरवा. रविवारची फोडणी ठेवली की प्रश्नच येत नाही.

भाव पडेल तेव्हा

पडणारच. 1980 च्या सुमाराला आमच्या भागात तो असा पडला होता की खरेदीच थांबली, आणि लोकांनी उभी झाडं उपटली. कॅम्पको कोकोत उतरली ती त्याच दिवसांत, कर्नाटक आणि केरळ या दोन्ही राज्यांच्या सांगण्यावरून. सासूबाई सांगतात की ज्यांनी उपटली त्यांच्या बागेत ऊन उतरलं आणि तण माजलं, पुन्हा लावायला मात्र फार जणांचा हात वळला नाही.

अशा वर्षी विकतचं खत बंद करा, टरफलं आणि पाचोळा यांवर ठेवा. फवारणी पोफळीच्या जोडीने होते तेवढीच. छाटणी मात्र चुकवू नका, आणि काळी फळं काढणंही. आंबवून नीट सुकवलेलं बी कोरड्या जागी काही महिने राहतं, त्यामुळे हातात तातडीची गरज नसेल तर थोडा माल धरून ठेवता येतो. ओलं विकणाऱ्याला ती सोय नाही.

आणि भाव पडलेलं वर्ष हेच नापीक झाडं बदलायचं वर्ष. प्रत्येक बागेत काही झाडं वर्षानुवर्षं फळच देत नाहीत. ती उपटायची गरज नसते. पहिल्या मजल्याच्या खाली खोड अर्धवट कापून वरचा शेंडा मोडून एका बाजूला वाकवून ठेवा, पूर्ण तोडू नका. खालून जोमाचे उभे फुटवे येतात. त्यांतले तीन-चार चांगले ठेवून त्यांवर भरघोस फळणाऱ्या झाडाचे डोळे भरा (डोळा-कलम करा). डोळे धरले की वरचा मोडलेला भाग काढून टाका. मुळं जुनी असल्यामुळे दुसऱ्या वर्षापासून फळ दिसायला लागतं. त्यासाठी आत्तापासूनच प्रत्येक झाडाच्या खोडावर रंगाने नंबर घाला आणि काढणीच्या दिवशी कुठल्या नंबराला किती फळं निघाली ते वहीत लिहीत जा. डोळे कोणाचे घ्यायचे आणि कोणावर भरायचे ते तीन वर्षांच्या वहीवरून कळतं.

राजापूरच्या भावाने आपल्या कुळागरात 40 कलमांची जागा आखली आहे, तीही शेजारच्या पाच घरांनी मिळून आंबवणीची पेटी करायचं कबूल केल्यावरच. येत्या मे महिन्यात मी माहेरी जाईन तेव्हा फुटवे कसे मोडायचे ते त्या घरांतल्या बायकांना झाडावर दाखवणार आहे. जवळपासचं कोणी येणार असेल तर कोयता नको, जुने हातमोजे आणि वही घेऊन या.